दुभाषी, रुपे आणि राज्य



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक इंग्रजी कादंबरी निवडली आहे, आणि तीही जादूची. या व्यासपीठावरून राज्यघटना, पाणीवाटप, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांपैकी काहींनी ‘वसंतात मुलांना सुट्टी असते म्हणून हा विषय का?’ असे आम्हांला हसत हसत विचारलेही. प्रश्न वाजवी आहे. पऱ्या, राक्षस आणि उडते गालिचे यांचाच हा ग्रंथ असता तर आम्हीही तो घरी नातवंडांसाठी ठेवून दिला असता. पण या कादंबरीतली जादू शब्दकोशातून निघते. आणि ज्या तऱ्हेच्या कोशातून ती निघते तसले कोश आपल्यापैकी पुष्कळांच्या फडताळांत अजून आहेत. म्हणून हे धाडस.

ग्रंथाचे नाव ‘बेबेल’. मराठी बायबलात ज्याला बाबेलचा बुरूज म्हटले आहे, त्यावरून घेतलेले. लेखिका आर. एफ. कुआंग. इंग्रज ज्याला कँटन म्हणत त्या ग्वांगझौ शहरी १९९६ साली त्यांचा जन्म झाला, लहानपणीच त्या अमेरिकेस गेल्या, आणि पुढे केंब्रिज व ऑक्सफर्ड या दोन्ही ठिकाणी त्यांनी अध्ययन केले. २०२२ साली ‘बेबेल’ प्रसिद्ध झाली आणि नेब्युला पुरस्कार तिला मिळाला. दुसऱ्या एका नामांकित पुरस्काराची मात्र गंमत झाली. २०२३ चे ह्यूगो पुरस्कार चीनमधील चेंगडू येथे दिले गेले. २०२४ च्या आरंभी मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा दिसले की, या कादंबरीला पुरेशी शिफारसपत्रे येऊनही तिच्यापुढे ‘अपात्र’ एवढाच शेरा मारून तिला बाजूला ठेवले होते. कारण दिले नव्हते. शब्द कोणी लिहायचे आणि शेरा कोणी मारायचा, हाच ज्या ग्रंथाचा विषय त्याच्या वाट्याला हे यावे, हा योगायोग लेखिकेने रचला असता तर टीकाकारांनी तो भडक म्हटला असता.

कथानक थोडक्यात सांगतो. १८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कँटनमध्ये पटकीची साथ येते. एका घरातली सगळी माणसे मेलेली आहेत आणि एक लहान मुलगा अखेरच्या घटका मोजत पडला आहे. ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक, रिचर्ड लव्हेल, त्या घरात शिरतात, मुलाच्या छातीवर रुप्याची एक लगड ठेवतात, एक फ्रेंच शब्द उच्चारतात, लगेच त्याचा इंग्रजी भाऊबंद उच्चारतात, आणि मुलगा वाचतो. ते त्याला विलायतेस नेतात. नेण्यापूर्वी स्वतःसाठी एक इंग्रजी नाव निवड, असे त्याला सांगण्यात येते. मुलगा रॉबिन स्विफ्ट हे नाव घेतो. आडनाव ‘गलिव्हर’च्या कर्त्यावरून. त्याचे मूळ चिनी नाव या पाचशेहून अधिक पानांच्या ग्रंथात वाचकाला एकदाही कळत नाही. आम्हांला विचाराल तर सगळ्या पुस्तकात याहून परिणामकारक जागा नाही. पुढे उघड होते की, हे प्राध्यापकच त्याचे जन्मदाते आहेत, आणि त्याच्या जन्मापासूनच त्यांनी त्याच्या घरी इंग्रज बाई व इंग्रजी पुस्तके यांची सोय करून ठेवली होती. मायेपोटी नव्हे, चिनी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा दुधाबरोबर प्यालेला एक दुभाषी त्यांना तयार हवा होता. ती लगड तुम्ही माझ्या आईसाठी का वापरली नाही, हा प्रश्न रॉबिनच्या ओठांवर येतो तेव्हा कादंबरीला खरे वळण लागते.

आता ती रुप्याची लगड काय करते ते नीट पाहू. कारण सगळे इंगित तेथेच आहे. लगडीच्या एका बाजूस एका भाषेतला शब्द कोरायचा आणि दुसऱ्या बाजूस दुसऱ्या भाषेतला त्याचा प्रतिशब्द. प्रतिशब्द म्हटला तरी तो मूळ शब्दाला तंतोतंत कधी बसत नाही. काहीतरी सांडते. भाषांतर करताना जे सांडते ते रुपे पकडून ठेवते आणि प्रत्यक्षात आणते. कँटनच्या त्या घरात वापरलेली जोडीच घ्या. जुन्या फ्रेंचमधला ‘त्रिआक्ल’ म्हणजे विषावरचा उतारा. त्याचे मूळ ग्रीक आहे, तेथे तो शब्द श्वापदांच्या विषावरील औषधाचा. कडू औषध गोड पाकात कालवून देण्याची चाल असल्यामुळे इंग्रजीत हळूहळू औषध निघून गेले आणि पाक तेवढा राहिला. आज ‘ट्रीकल’ म्हणजे नुसती काकवी. उतारा आणि काकवी यांच्यामध्ये जो अर्थ हरवला तोच त्या मुलाच्या अंगात औषध होऊन उतरला.

कल्पना चमत्कृतिपूर्ण आहे, पण तिला नियम आहेत, आणि त्या नियमांतच लेखिकेची बुद्धी दिसते. लगड चालवणारा माणूस दोन्ही भाषांत जगणारा हवा. स्वप्नही त्या भाषेत पडले पाहिजे. केवळ कोश घोकून काम भागत नाही. दुसरे असे की, शेजारच्या भाषा एकमेकींचे शब्द उसने घेता घेता सारख्या होत जातात, त्यांच्यातले अंतर मिटते आणि लगडी निकामी होतात. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश यांच्या जोड्या वापरून वापरून झिजल्या आहेत. म्हणून ऑक्सफर्डच्या त्या आठ मजली मनोऱ्यास, जेथे भाषांतराची शाही संस्था आहे, दूरच्या भाषा हव्यात; आणि दूरच्या भाषा माणसांवाचून येत नाहीत, तेव्हा दूरची मुले हवीत. रॉबिन कँटनचा, रामी म्हणजे रमीझ मिर्झा कलकत्त्याचा, व्हिक्त्वार मूळची हैतीची. चौथी लेटी, एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या. चौघांची मैत्री लेखिकेने जीव लावून रंगवली आहे. मनोऱ्यात त्यांना उबदार खोल्या आहेत, चहा आहे, ग्रंथ आहेत, आणि शहरात कोणी अपमान केला तर आत येऊन दार लावून घेता येते. या मुलांच्या स्वप्नांवर इंग्रजांच्या गाड्या धावतात, पूल उभे राहतात, जहाजे वेगाने जातात आणि तोफा नेम धरतात. ज्या देशांतून शब्द आले त्या देशांत मात्र पटकीवरची लगड पोचत नाही. ती महाग पडते.

रुपेच का, सोने किंवा लोखंड का नाही, असे कोणी विचारील. येथे कादंबरी इतिहासाला अगदी चिकटून चालते. चिनी चहाची किंमत इंग्रज व्यापारी रुप्यात मोजत आणि ते रुपे चीनमध्ये जाऊन मुरे. ते परत काढण्याचा उपाय म्हणजे अफू. हे सांगताना आपण दूर बसून हळहळ करण्याचे कारण नाही. बंगालकडील अफूचा मक्ता कंपनीकडे होता. पण माळव्याची अफू आमच्या शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके. ती आधी दमणसारख्या आडवाटांनी बाहेर जाई. आडवाटा बंद होत नाहीत असे पाहून १८३० च्या सुमारास कंपनीने परवाने देऊन जकात घेण्याचा मार्ग पत्करला आणि मुंबई बंदर त्या व्यापारावर फुगले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पेढीचा जार्डिन यांच्याशी असलेला अफूचा व्यवहार प्रसिद्धच आहे, आणि त्याच पैशातून झालेल्या दानधर्माचे, रुग्णालयांचे आणि कलाशाळेचे ऋणही मुंबईवर आहे. चिनी सम्राटाचे आयुक्त लिन् यांनी १८३९ साली इंग्रज व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या घेऊन नष्ट केल्या, त्यांत माळव्याचा माल होताच. कादंबरीत या लिन् यांच्यासमोर दुभाषी म्हणून रॉबिन उभा राहतो. पुढच्या वर्षी, एप्रिल १८४० मध्ये, या युद्धाचा प्रश्न इंग्लंडच्या कॉमन्स सभेत आला आणि सरकार २७१ विरुद्ध २६२ अशा अवघ्या नऊ मतांनी तरले. नऊ मते! त्यानंतरची शंभर वर्षे चीनने काय भोगले ते सर्वांस ठाऊक आहे.

पण आमचा खरा मुद्दा वेगळाच आहे. ग्रंथ वाचून खाली ठेवताना आमच्या मनात आले की, या बाईंनी रुपे तेवढे कल्पनेचे घातले, बाकी जादू सगळी खरी आहे. दोन भाषांतल्या दोन शब्दांची जोडी करायची, मधले अंतर आपल्या ताब्यात ठेवायचे आणि त्या अंतराकडून काम करून घ्यायचे, हे साम्राज्याने लगडीवाचून केले आहे. त्याला कागद पुरे पडला.

१८४० सालचीच गोष्ट. न्यूझीलंडमध्ये माओरी सरदारांशी करार करण्यासाठी इंग्रज कप्तान हॉब्सन आला. कराराचा इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने आपल्या मुलाच्या साहाय्याने ४ फेब्रुवारीच्या एका रात्रीत माओरी भाषेत उतरवला. इंग्रजीत लिहिले होते की सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देत आहेत. माओरीत त्या जागी ‘कावनातंगा’ हा शब्द पडला. हा इंग्रजी ‘गव्हर्नर’वरून बनवलेला नवा शब्द, अर्थ एवढाच की कारभार पाहणे. आणि पुढच्याच कलमात सरदारांची सरदारकी, ‘रंगातिरातंगा’, अबाधित राहील असे वचन दिले. ६ तारखेस वायतांगी येथे सह्या झाल्या. पुढील महिन्यांत पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या सह्या माओरी प्रतीवर आहेत. कारभार आणि सार्वभौमत्व या दोन शब्दांमध्ये जे सांडले ते एक अख्खे राष्ट्र होते. न्यूझीलंडच्याच वायतांगी न्यायाधिकरणाने २०१४ साली निष्कर्ष काढला की, १८४० च्या त्या फेब्रुवारीत सह्या करणाऱ्या सरदारांनी आपले सार्वभौमत्व सोडून दिले नव्हते. हे कळायला १७४ वर्षे लागली.

चीनमध्ये याच्या उलट प्रकार झाला. तेथे शब्द काढून टाकण्यात आला. परदेशी लोकांना चिनी दप्तरात ‘यी’ म्हणत. आरंभीच्या इंग्रज भाषांतरांत त्याला ‘परदेशी’ असाच प्रतिशब्द दिलेला आढळतो. १८३० नंतर मात्र तो ‘रानटी’ याच अर्थाचा आहे, असा आग्रह इंग्रज बाजूने धरला गेला, आणि अपमान झाला म्हणून राग मानणे सोयीचे झाले. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहात एक स्वतंत्र कलमच आहे की, इंग्रज सरकार अगर प्रजा यांच्यासाठी चिनी सरकारी लिखाणात हे अक्षर यापुढे वापरू नये. त्याच्या अलीकडचे कलम तर फारच बोलके आहे: अर्थाबद्दल मतभेद झाल्यास इंग्रजी पाठच खरा मानावा. म्हणजे शब्दांची जोडी कशी लावायची, याचा निर्णय एका बाजूने तोफा रोखून आपल्याकडे घेतला. लव्हेलसाहेबांच्या मनोऱ्यात याहून निराळे काही चालत नाही.

आता आपल्या घरी येऊ. ‘इनाम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अर्थ देणगी, सत्ताधीशाने संतोषून दिलेले. देवळाच्या दिवाबत्तीसाठी, शास्त्र्याच्या विद्येसाठी, लढाईत पडलेल्याच्या घराण्यासाठी जमीन इनाम असे. देणाऱ्याची शोभा आणि घेणाऱ्याची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी त्या शब्दात बसलेल्या होत्या. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने या जमिनींना जे इंग्रजी विशेषण लावले ते ‘एलिअनेटेड’. त्या शब्दाच्या पोटात ‘परका’ आहे. सरकारचा वसूल परक्याच्या हाती गेला, असा त्याचा भाव. मराठीत जे दिलेले होते ते इंग्रजीत गमावलेले झाले. श्रोतेहो, दिलेले परत मागण्याची लाज वाटते, पण गमावलेले शोधून काढण्यात काय लाज? तो तर दक्ष अधिकाऱ्याचा धर्मच! दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून हा शोध सुरू झाला आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के बळ मिळाले. सनद दाखवा, असे घरोघर विचारणे झाले. कोणाची सनद वाळवीने खाल्ली होती, कोणाची लुटीत गेली होती, कोणाकडे मुळात होती ती वहिवाटच. पुष्कळांची इनामे गेली. १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनचे नाव इंग्रज इतिहासकारांनीही घेतलेले आहे. आणि पुण्यात पेशवे दप्तर ज्या इमारतीत आहे तिला पुढे कैक वर्षे ‘एलिअनेशन ऑफिस’ असेच म्हणत. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते नाव तोंडी येईल तसे उच्चारले असेल. त्यात आपल्यालाच परके म्हटलेले आहे, हे किती जणांच्या ध्यानी आले असेल?

येथवर कादंबरी आणि इतिहास हातात हात घालून चालतात. पण दुभाष्याचे काय? या जोड्या कोणी जुळवल्या? एकट्या इंग्रजाने नव्हेत. फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवू लागले आणि १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, त्यामागे वैजनाथ पंडित होते. मुंबईत १८२९ साली जो मराठीचा मराठीतच कोश निघाला तो जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती शास्त्रीमंडळींनी केला; आणि १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्याच्या घडणीतही शास्त्रीमंडळींचा हात होता. ज्या काळाला आपले वाङ्मयेतिहासकार भाषांतरयुग म्हणतात, तो सगळा अशा जोड्या जुळवण्याचाच काळ. हे शास्त्री रॉबिनसारखे उचलून नेलेले पोरके नव्हते. घरी पूजाअर्चा करून, पागोटे बांधून ते कचेरीत येत आणि पगार घेत. त्यांना आपण मनोऱ्याचे नोकर म्हणायचे काय? आणि म्हटले तर त्यांच्या कोशावाचून आज आपल्याला आपलीच बखर लागणार नाही, त्याचे काय करायचे?

आमच्या मते कादंबरीची उणीव येथे दिसते. तिच्यात लव्हेल आहेत, पण मोल्सवर्थ नाही. जेम्स मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला अधिकारी. धर्मबुद्धीने त्याला शिपाईगिरी अयोग्य वाटू लागली आणि त्याने ती सोडली. प्रकृती ढासळली तेव्हा तो मायदेशी गेला, आणि पुन्हा येऊन कोशाची दुसरी आवृत्ती त्याने पुरी केली. ती प्रसिद्ध झाली १८५७ साली. इकडे मेरठ, कानपूर पेटलेले आणि तिकडे मुंबईच्या छापखान्यात मराठी म्हणींचे मुद्रित तपासले जात होते. आपले लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. असल्या माणसाला कोणत्या बाजूस उभा करायचा? कुआंगबाईंच्या इंग्रज प्राध्यापकांत बहुतेक जण निर्दय किंवा निर्बुद्ध आहेत. त्यांचा तिरस्कार करणे सोपे जाते, आणि कादंबरीला जे सोपे जाते ते वाचकाला फारसे शिकवीत नाही. तळटीपांतूनही बाई वारंवार वाचकाचा कान धरतात. वंशद्वेष वाईट, हे एकदा दाखवल्यावर तळटीपेत पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नव्हते. यास एकच अपवाद लेटीचा. ती दुष्ट नाही. मित्रांवर तिचे प्रेम आहे, आणि त्यांना राग कशाचा येतो हे तिला अखेरपर्यंत कळत नाही. त्या न कळण्यातूनच ती त्यांचा घात करते आणि रामी तिच्या हातून मरतो. सगळे सरदार-प्राध्यापक मिळून जे सिद्ध करीत नाहीत ते ही एक मुलगी करते.

कादंबरीच्या नावाला ‘अर्थात हिंसेची आवश्यकता’ असे शेपूट आहे. अखेरीस काही भाषांतरकार मनोऱ्याचा ताबा घेतात आणि लगडींची देखभाल थांबवतात. काही दिवसांत देशाची गाडी अडखळू लागते. हा भाग वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटते, अरे, हा तर असहकार! राज्य आमच्या हातांनी चालते, आम्ही हात काढून घेतले की ते बसते, हा विचार आपल्याला कोणी इंग्रजीतून शिकवायला नको. पण बाई तेथे थांबत नाहीत, आणि त्यांनी एक अवघड जागा प्रामाणिकपणे दाखवली आहे. लगडींच्या आधारावर उभा असलेला वेस्टमिन्स्टरचा पूल देखभालीवाचून कोसळतो आणि माणसे मरतात. आम्ही काही केले नाही, फक्त काम थांबवले, असे म्हणता येईल काय? रॉबिनला ठाऊक होते की पूल पडणार. असहकार कोठे संपतो आणि हिंसा कोठे सुरू होते ही रेषा त्या पुलाखाली बुडते. पुढे रॉबिन मनोराच पाडतो, स्वतःसकट. व्हिक्त्वार जिवंत बाहेर पडते. ज्या हैतीतील गुलामांनी बंड करून १८०४ साली आपले स्वतंत्र राज्य उभे केले, त्या भूमीची ती मुलगी. तिने जगायचे ठरवावे हे आम्हांला रॉबिनच्या मरणापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटले. बाईंनी तिला अधिक पाने द्यायला हवी होती. मनोरा पडतो तेव्हा त्यात साठवलेले चिनी शब्दही गाडले जातात, याचे मोल कोणी मांडलेले दिसत नाही.

खऱ्या ऑक्सफर्डमध्ये असा एक विद्यार्थी होऊन गेला आहे, आणि त्याची कथा कादंबरीहून थोडी निराळी आहे. ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनाला बोडनचे नाव आहे. हा बोडन कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. बायबल संस्कृतात उतरावे आणि हिंदूंचे धर्मांतर सुलभ व्हावे, या हेतूने त्याने आपली मालमत्ता त्या विद्यापीठाला दिली. पहिले अध्यापक कलकत्त्याहून गेलेले विल्सन. १८६० साली दुसरी निवड झाली तेव्हा मॅक्सम्युल्लरसारख्या पंडिताला बाजूला सारून मोनिअर विल्यम्स निवडून आले. त्यांचा जन्म मुंबईचा. या मोनिअर विल्यम्सनी आपल्या साहाय्यासाठी एक तरुण हिंदी संस्कृतज्ञ बोलावून घेतला. कच्छ-मांडवीचा, मुंबईत शिकलेला, नाव श्यामजी कृष्णवर्मा. १८७९ साली ते ऑक्सफर्डला गेले. इंग्रजांना संस्कृत हवे होते, ते त्यांनी दिले. पदवी घेतली, बॅरिस्टर झाले, संस्थानांच्या दिवाणगिऱ्या केल्या. आणि १९०५ साली लंडनमध्ये त्यांनीच ‘इंडिया हाउस’ उघडले, जेथे पुढल्या वर्षी त्यांच्या शिष्यवृत्तीवर विनायक दामोदर सावरकर येऊन राहिले. १९०९ च्या जुलैत मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या तेव्हा श्यामजी पॅरिसला होते. मनोऱ्यात शिकलेला माणूस बाहेर पडला आणि त्याने त्याच देशात दुसरे घर बांधले. त्या घरात हिंसेची चर्चा झाली आणि हिंसाही झाली, हे नाकारून चालणार नाही. पण ऑक्सफर्डचे ग्रंथालय जाळावे असे त्यांच्या मनात आल्याचे कोठे नमूद नाही.

लगड आपल्या बाजूनेही कोरता येते, हे आपल्याकडे फार लवकर कोणाच्या तरी ध्यानी आले होते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते दोन भाषांत. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. राज्यकर्त्याला आपले म्हणणे कळावे आणि आपल्या लोकांना राज्यकर्त्याचे. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचा ग्रंथ वाचला तो इंग्रजीत, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’त गुलामी हा शब्द अमेरिकेतून उचलून त्यांनी आपल्या गावगाड्यावर ठेवला, तेव्हा दोन्ही शब्दांच्या मधून जो प्रकाश पडला तो कोणा लव्हेलच्या हिशेबात नव्हता. रॉबिन यावर म्हणेल की, एवढ्याने राज्य गेले नाही. खरे आहे, गेले नाही. एवढे मात्र झाले की, त्या जोडीचे टोक इंग्रजांइतकेच आपल्यातल्या वरच्या जातींना टोचले, आणि ही गोष्ट कुआंगबाईंच्या कादंबरीत कोणाच्या वाट्याला येत नाही. तिच्यातली जित माणसे आपसांत एकमेकांची मालक कधीच नसतात.

जाता जाता त्या झिजलेल्या लगडींकडे पुन्हा वळतो. दोन भाषा एकमेकींसारख्या झाल्या की जादू संपते, हा नियम आम्हांला फार दिवस स्वस्थ बसू देत नव्हता. आज आपण जी मराठी लिहितो तिच्यातली कितीतरी वाक्ये आधी इंग्रजीत सुचलेली असतात. शब्द मराठी, सांगाडा तिकडचा. अशी वाक्ये इंग्रजीत उलटवली तर काहीच सांडत नाही. ‘माहेर’, ‘उष्टे’, ‘सोवळे’, ‘ओटी’ हे शब्द उलटवून पाहा; ओंजळभर तरी खाली पडेल. त्यांत काही शब्द असेही आहेत की ते सांडून गेलेलेच बरे, ‘सोवळे’ त्यांतला. पण काय ठेवायचे आणि काय सांडू द्यायचे हे ठरवण्यापूर्वी आपल्या पदरी काय आहे ते पाहायला नको काय?

मोल्सवर्थचा कोश कोठेही उघडा, पानागणिक चार-सहा शब्द असे भेटतील की आपल्यापैकी कोणालाही ते लागणार नाहीत. शेताचे, नावेचे, घोड्याच्या खोडींचे, पावसाच्या तऱ्हांचे. इंग्रजी बाजूला त्यांचा अर्थ आहे आणि मराठी बाजूला माणूस नाही. पेशवे दप्तरात तर मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत. एलिअनेशन ऑफिस ही पाटी कधीच गेली, दार उघडे असते, आणि मोडी वाचू शकणारी माणसे वर्षाकाठी थोडीथोडी कमी होतात. मोडीचे वर्ग कोठे कोठे चालतात. सभा संपल्यावर ज्यांना हवी त्यांना त्यांची माहिती आम्ही आनंदाने देऊ.